शहरी बेघरांचा निवारा आणि अनुदानाची प्रक्रिया : पिंपरी-चिंचवडच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

थेरगावच्या डांगे चौकात सकाळच्या वेळी मजूर अड्डा भरतो. बिगारी, गवंडी, रंगारी, सेंट्रिंगची कामे करणारे स्त्री-पुरुष रोजंदारीच्या आशेने तेथे उभे असतात. वाकड, ताथवडे, पुनावळे, हिंजवडी या परिसरात गेल्या तीन दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींमागे अशाच हातांचे श्रम आहेत. या मजुरांपैकी अनेक जण आसपासच्या वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने का होईना, पण छपराखाली राहतात. ज्यांना तेवढेही परवडत नाही, ते रात्री कोठे झोपतात, हा प्रश्न सकाळी त्यांना कामावर नेणाऱ्याला सहसा पडत नाही. नगरपालिका प्रशासनाला मात्र तो पडावा लागतो, कारण या प्रश्नाच्या उत्तरावरच शहराला मिळणाऱ्या शासकीय अनुदानाचा आकडा अवलंबून असतो.

बेघरांसंबंधीचे लेखन बहुधा करुणेच्या किंवा कायदा-सुव्यवस्थेच्या अंगाने होते. त्यांच्यासाठी निवारा उभा करावयाचा झाल्यास पैसा कोठून येतो, तो कोण मागतो, कोणत्या कागदपत्रांच्या आधारे मागतो आणि मिळालेला पैसा कोणत्या टप्प्यावर अडतो, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड या औद्योगिक शहराच्या संदर्भात ही प्रक्रिया उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. शहराला अनुदान मिळते ते मोजलेल्या माणसांसाठी. म्हणून रात्रीची गणना हा अनुदान-प्रक्रियेचा खरा पाया आहे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बेघर कोणास म्हणावे?

जनगणनेच्या परिभाषेत जी कुटुंबे 'जनगणना घर' या संज्ञेत बसणाऱ्या वास्तूत राहत नाहीत, ती बेघर कुटुंबे होत. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळात, उड्डाणपुलाखाली किंवा जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर रात्र काढणाऱ्यांचा यात समावेश होतो. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली. त्या मोजणीनुसार देशात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर होते. २००१ मध्ये हीच संख्या सुमारे १९ लाख ४३ हजार होती. एकूण संख्या घटली असली, तरी शहरी भागातील बेघरांची संख्या मात्र ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांपर्यंत वाढली. एका दशकातील ही वाढ सुमारे २० टक्के आहे. बेघरपणा हा उत्तरोत्तर शहराचा प्रश्न होत असल्याचेच ही आकडेवारी सुचविते.

शहरी निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतील व्याख्या जनगणनेच्या व्याख्येहून अधिक विस्तृत आहे. ज्यांना स्वतःचे अथवा भाड्याचे घर नाही आणि जे पदपथ, उद्याने, रेल्वे व बस स्थानके, प्रार्थनास्थळे, दुकाने व कारखान्यांच्या बाहेर, बांधकामाच्या ठिकाणी, पुलांखाली किंवा मानवी वस्तीस अयोग्य अशा अन्य जागी झोपतात, ते सर्व या व्याख्येत येतात. भिंती नसलेल्या, केवळ प्लास्टिकच्या आच्छादनाखाली राहणारेही त्यात गणले जातात.

औद्योगिक पट्ट्यातील शहराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. बांधकामाच्या जागी पत्र्याच्या आडोशाला राहणाऱ्या मजुराची नोंद जनगणनेत 'घर असलेला' अशी होऊ शकते. योजनेच्या व्याख्येनुसार तोच मजूर बेघर ठरू शकतो. भोसरी किंवा चाकण येथील कारखान्याबाहेर रात्र काढणारा कंत्राटी कामगार हाताला काम असूनही बेघर असतो. बेघर म्हणजे भिकारी, हे लोकांच्या मनातील समीकरण अशा शहरात लागू पडत नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमामुळे हे समीकरण प्रशासनाच्या भाषेतही रुजले आणि निवाऱ्याच्या प्रश्नाकडे दीर्घकाळ बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. सर्वेक्षण करणाऱ्याच्या मनात कोणती व्याख्या आहे, त्यावर शहरातील बेघरांचा आकडा ठरतो आणि त्या आकड्यावर अनुदानाची मागणी ठरते.

न्यायालयीन पार्श्वभूमी

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्र शासनाकडून स्वतंत्र अनुदान मिळू लागले, यामागे न्यायालयीन लढ्याचा मोठा वाटा आहे. मुंबईतील पदपथावर राहणाऱ्यांच्या वतीने दाखल झालेल्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. पदपथवासीयांना पदपथावर राहण्याचा हक्क त्या निकालाने दिला नाही. परंतु माणूस पदपथावर का राहतो, तर काम तेथून जवळ असते म्हणून, हा युक्तिवाद न्यायालयाने गंभीरपणे विचारात घेतला. डांगे चौकातील मजुरालाही हे तितकेच लागू पडते.

अन्नाच्या हक्कासंबंधी २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात, २०१० च्या कडक हिवाळ्यात, दिल्लीतील बेघरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यानंतरच्या आदेशांतून दर १ लाख नागरी लोकसंख्येमागे १०० जणांची सोय करणारा, चोवीस तास खुला असलेला निवारा असावा, असे प्रमाण पुढे आले. २०१३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 'शहरी बेघरांना निवारा' हा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला आणि हेच प्रमाण त्यात स्वीकारले गेले. पुढे हे अभियान 'दीनदयाळ अंत्योदय योजना' या नावाने ओळखले जाऊ लागले.

निधी उपलब्ध झाला, तरी निवारे पुरेशा संख्येने उभे राहिले नाहीत. ई. आर. कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्यांकडे निधी जातो, मग निवारे का होत नाहीत, याचा शोध घेणे हे समितीचे काम होते. म्हणजेच मंजूर झालेला पैसा प्रत्यक्ष निवाऱ्यात रूपांतरित होण्याच्या मार्गावरच मुख्य अडचण होती.

अनुदान मागणीचे टप्पे

या योजनेखाली एखाद्या महापालिकेने अनुदान मागावयाचे झाल्यास पुढील टप्प्यांतून जावे लागे. ही योजना २०२४ मध्ये संपुष्टात आली असली, तरी अशा अनुदानाची प्रशासकीय रीत समजून घेण्यासाठी हे टप्पे उपयुक्त आहेत. कारण पुढील कोणतीही योजना बहुधा याच वाटेने जाईल.

१) सर्वेक्षण : शहरातील बेघरांची पद्धतशीर पाहणी करून ते कोठे, किती व कोणत्या गटांतील आहेत, हे निश्चित करणे. एकटे पुरुष, एकट्या स्त्रिया, कुटुंबे, निराधार वृद्ध, मनोरुग्ण, रुग्णालयातून घरी सोडलेले पण घर नसलेले रुग्ण, अशा गटांच्या गरजा भिन्न असल्याने केवळ एकूण आकडा पुरेसा नसतो. ही पाहणी रात्रीच करावी लागते आणि ती त्रयस्थ संस्थेमार्फत होणे अपेक्षित असते.

२) जागेची निश्चिती : जमीन किंवा इमारत महापालिकेने द्यावयाची असते. निवारा बेघरांच्या कामाच्या व वावराच्या ठिकाणाजवळ असावा, ही अट आहे. प्रत्येक निवाऱ्याची क्षमता साधारणतः ५० ते १०० जणांची आणि प्रत्येकी किमान ५० चौरस फूट जागा, असे प्रमाण आहे. नवे बांधकाम करता येते, तसेच वापरात नसलेली सार्वजनिक इमारत दुरुस्त करूनही निवारा सुरू करता येतो.

३) प्रकल्प अहवाल व मंजुरी : अभियंत्यांनी राज्याच्या दरसूचीनुसार तयार केलेला अंदाज, सर्वेक्षणाचा तपशील आणि चालविण्याची योजना यांचा एकत्रित प्रस्ताव महापालिकेच्या मान्यतेनंतर राज्यस्तरीय प्रकल्प मंजुरी समितीपुढे जातो. महाराष्ट्रात या अभियानाचे काम नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत पाहिले जाई. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ही जबाबदारी नागरवस्ती विकास योजना विभागाकडे होती. हाच विभाग आता समाज विकास विभाग म्हणून ओळखला जातो.

४) निधीचे वितरण : आरंभी केंद्र व राज्य यांचा वाटा ७५ : २५ असा होता, २०१५-१६ पासून तो ६० : ४० झाला. निधी हप्त्याहप्त्याने मिळतो. पुढील हप्ता मिळण्यासाठी आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते.

५) संचालन : निवारा चालविण्यासाठी स्वयंसेवी संस्थेची निवड, एक व्यवस्थापक व तीन काळजीवाहक यांची नेमणूक, निवारा व्यवस्थापन समितीची स्थापना आणि निवाऱ्यातील व्यक्तींना शिधापत्रिका, आधार, बँक खाते, आरोग्यसेवा, मुलांचा शाळाप्रवेश यांच्याशी जोडून देणे, ही कामे या टप्प्यात येतात. निवाऱ्यात राहणाऱ्याकडून शुल्क घ्यावयाचे झाल्यास ते त्याच्या उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावे, असे सूचनांत म्हटले आहे.

हे टप्पे कागदावर सरळ दिसतात. व्यवहारात पहिला टप्पा ढिला राहिला की पुढचे सगळे टप्पे डळमळतात. पाहणी दिवसा झाली, तर कामावर गेलेला मजूर तीत सापडत नाही. तो न सापडल्याने संख्या कमी भरते, संख्या कमी म्हणून प्रस्ताव लहान होतो. निवारा चुकीच्या ठिकाणी उभा राहिला, तर तो रिकामा राहतो. आणि रिकामा निवारा दाखवून 'आमच्या शहरात बेघरच नाहीत' असा निष्कर्ष काढणे सोपे होते.

पिंपरी-चिंचवडपुरते गणित

२०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १७ लाख २७ हजार ६९२ होती. दर लाखामागे १०० जण या प्रमाणाने शहरात सुमारे १,७०० जणांच्या निवाऱ्याची सोय असावयास हवी. ५० जणांचा एक निवारा धरल्यास ३४ निवारे होतात. प्रत्येकी ५० चौरस फूट धरल्यास झोपण्या-राहण्यासाठी एका निवाऱ्यास २,५०० व सर्वांस मिळून ८५,००० चौरस फूट जागा लागेल. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने ही जागा फार नाही. परंतु ती मोक्याच्या ठिकाणी लागते आणि मोक्याच्या जागेस इतर मागण्याही असतात.

आता चालू खर्चाचा विचार करू. ५० जणांच्या निवाऱ्यास संचालन व देखभालीसाठी वार्षिक ६ लाख रुपये आणि तेही पाच वर्षांपुरते, असे योजनेचे प्रमाण होते. ३४ निवाऱ्यांसाठी ही रक्कम वर्षाला २ कोटी ४ लाख रुपये होते. ६० : ४० या प्रमाणात केंद्राचा वाटा १ कोटी २२ लाख ४० हजार आणि राज्याचा ८१ लाख ६० हजार रुपये येतो. हजारो कोटींचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या महापालिकेच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ आहे.

एका निवाऱ्यापुरते पाहिल्यास चित्र बदलते. वार्षिक ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार रुपये. या रकमेतून व्यवस्थापक व तीन काळजीवाहक यांचे मानधन द्यावयाचे आहे. सगळी रक्कम केवळ मानधनावर खर्च केली, तरी प्रत्येकास सरासरी १२,५०० रुपये मिळतील आणि वीज, पाणी, अंथरूण-पांघरूण, साफसफाई व औषधे यांसाठी काहीही उरणार नाही. निवारा पूर्ण भरलेला असताना दर माणशी दररोज सुमारे ३३ रुपये एवढी ही तरतूद आहे. चोवीस तास खुला असलेला निवारा एवढ्या रकमेत चालविणाऱ्या संस्थेला उरलेला भार देणग्यांतून किंवा महापालिकेच्या स्वनिधीतून उचलावा लागतो. इमारतीसाठी पैसा मिळणे तुलनेने सोपे आणि ती चालविण्यासाठी मिळणे अवघड, हा अनुभव सर्व कल्याणकारी संस्थांचा आहे. निवारा त्यास अपवाद नाही.

पिंपरी येथे 'सावली' नावाचे निवारा केंद्र महापालिकेच्या वतीने स्वयंसेवी संस्थेमार्फत चालविले जात आले आहे. शहरात याबाबत काहीच झाले नाही, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे होईल. तथापि पिंपरीत निवारा आहे म्हणून थेरगावचा मजूर तेथे जाईल, असे गृहीत धरता येत नाही. पहाटे अड्ड्यावर वेळेत पोहोचला नाही, तर त्या दिवसाची मजुरी जाते. रात्रीच्या छपरासाठी तो दिवसाचा रोजगार पणाला लावणार नाही. थेरगाव येथे महापालिकेचे रुग्णालय आहे, डांगे चौकातून जलद बसमार्ग जातो आणि मजूर अड्डाही येथेच आहे. कामाच्या व वावराच्या ठिकाणाजवळ निवारा असावा ही अट पाहता, अशा परिसराचा स्वतंत्र विचार होणे युक्त ठरते.

घरकुल आणि निवारा

बेघरांचा विषय निघाला की घरकुल योजनांचा दाखला दिला जातो. म्हणून या दोहोंतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाखाली पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली येथे मोठा घरकुल प्रकल्प हाती घेतला. पुढे प्रधानमंत्री आवास योजनेखाली चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी व रावेत येथे प्रकल्प आखले गेले. या योजनेत परवडणाऱ्या घरासाठी केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून एक लाख रुपयांचे साहाय्य प्रत्येक घरामागे मिळते. उर्वरित काही लाख रुपयांचा हिस्सा लाभार्थ्याने भरावयाचा असतो.

हा हिस्सा भरण्यासाठी नियमित उत्पन्न लागते, कर्ज मिळण्यासाठी बँकेत पत लागते आणि अर्ज करण्यासाठी आधार, अधिवास व उत्पन्नाचा दाखला लागतो. ज्याच्यापाशी पत्ताच नाही, त्याने रहिवासाचा पुरावा आणावा कोठून? घरकुल ही झोपडीतून पक्क्या घरात जाण्याची योजना आहे. उघड्यावरून छपराखाली येण्याची पहिली पायरी निवारा हीच आहे. निवाऱ्याच्या पत्त्यावर आधार व बँक खाते निघाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही योजनेचे दार या माणसासाठी उघडत नाही. म्हणून निवाऱ्याचा निधी घरकुलाच्या निधीतून भागेल, ही समजूत चुकीची आहे.

इतर आर्थिक स्रोत आणि त्यांच्या मर्यादा

एवढे संपन्न शहर हा खर्च अन्य मार्गांनी का भागवीत नाही, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्या मार्गांचा थोडक्यात परामर्श घेऊ.

वित्त आयोगाचे अनुदान : पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दशलक्षांहून अधिक वस्तीच्या नागरी समूहांना दिलेले अनुदान हवेची गुणवत्ता, पिण्याचे पाणी, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन या विषयांशी बांधलेले होते. निवाऱ्यासाठी ते वापरण्यास वाव नव्हता.

कर्जरोखे : पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये कर्जरोख्यांद्वारे २०० कोटी रुपये उभे केले. यावरून शहराची पत दिसून येते. परंतु कर्जरोख्यांची परतफेड करावी लागते. निवाऱ्यातून उत्पन्न मिळत नाही, त्यामुळे हा मार्ग स्वभावतःच अशा कामास गैरलागू आहे.

कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व : २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. पिंपरी, भोसरी व चाकण या पट्ट्यात अशा कंपन्यांची वाण नाही. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दारिद्र्य निर्मूलन, स्त्रिया व अनाथांसाठी वसतिगृहे, ज्येष्ठांसाठी निवास इत्यादी विषय आहेत. 'शहरी बेघर' असा स्वतंत्र उल्लेख नसला, तरी यांपैकी काही विषयांखाली निवाऱ्याचा प्रस्ताव मांडता येतो. कंपन्यांचा कल मात्र शाळा, झाडे, रुग्णवाहिका अशा दृश्य कामांकडे असतो. निवाऱ्याच्या काळजीवाहकाचे मानधन वर्षानुवर्षे देण्यास दाता मिळणे कठीण असते.

बांधकाम उपकर : १९९६ च्या कायद्यांन्वये बांधकाम खर्चावर उपकर घेऊन त्यातून बांधकाम कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्याची व्यवस्था झाली. कामाच्या ठिकाणी अथवा जवळपास कामगारांना तात्पुरता निवास विनामूल्य देण्याची जबाबदारीही त्या कायद्याने मालकावर टाकली होती. नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले असले, तरी उपकराची तरतूद कायम आहे. ज्या इमारतींमुळे मजूर या परिसरात येतो, त्याच इमारतींच्या खर्चातून त्याच्या रात्रीची सोय व्हावी, यात तर्कसंगती आहे. परंतु या निधीचा लाभ नोंदणीकृत कामगारालाच मिळतो आणि नोंदणीसाठी पुन्हा कागदपत्रे लागतात.

शेवटी उरतो तो महापालिकेचा स्वनिधी. पाच वर्षांची मर्यादा असलेले संचालन अनुदान संपल्यावर निवारा चालू ठेवावयाचा तर बहुधा हाच आधार असतो. अनुदानाचा अर्ज करतानाच सहाव्या वर्षाची तरतूद ठरविली नाही, तर निवारा बंद पडण्याची वेळ येते. प्रस्तावात हा मुद्दा बहुधा अनुत्तरित राहतो.

परदेशातील एक उदाहरण

अमेरिकेत १९८७ च्या मॅककिनी कायद्यापासून बेघरांसाठी संघराज्य शासनाचे अनुदान मिळू लागले. तेथे शहरातील स्वयंसेवी संस्था, रुग्णालये, पोलीस व स्थानिक शासन मिळून एक संयुक्त मंडळ स्थापन करतात आणि त्या मंडळामार्फत केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे एकत्रित अर्ज केला जातो. अर्ज करणाऱ्या मंडळास जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांतील एका रात्री बेघरांची गणना करावी लागते. निवाऱ्यातील लोकांची दरवर्षी आणि उघड्यावरील लोकांची किमान दोन वर्षांतून एकदा. या गणनेत विद्यार्थी व नागरिक मोठ्या संख्येने भाग घेतात. तेथील बेघरपणा या व्यवस्थेमुळे संपलेला नाही, आणि एका रात्रीच्या गणनेतून अनेक जण निसटतात अशी टीकाही होते. तरीही ठराविक काळाने होणाऱ्या गणनेमुळे शहराची मागणी ताज्या आकड्यांवर उभी राहते, ही त्यातील घेण्यासारखी बाब आहे. आपल्याकडे २०११ च्या एका रात्रीचा आकडा दीड दशक वापरात राहिला.

अभियानानंतरची स्थिती

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बेघरांच्या निवाऱ्यासंबंधी सुनावणी झाली, तेव्हा शहरी दारिद्र्य निर्मूलनाचे नवे अभियान तयार होत असून त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचाही समावेश असेल, असे केंद्र शासनातर्फे ॲटर्नी जनरल यांनी सांगितले. एक योजना संपून दुसरी स्थिर होईपर्यंतच्या काळात चालू निवाऱ्यांचा भार राज्य व महापालिका यांवर येतो. कागदावर हा केवळ दोन योजनांमधील खंड असतो. निवाऱ्यात राहणाऱ्या निराधार वृद्धेच्या दृष्टीने त्याचा अर्थ पुन्हा पदपथ असा होऊ शकतो.

अशा वेळी नव्या योजनेची वाट पाहत बसण्याऐवजी शहराने तयारीत असणे इष्ट. योजना जाहीर झाल्यावर ज्या शहराकडे ताजे सर्वेक्षण, निश्चित केलेल्या जागा आणि आधीच्या निधीचा पूर्ण झालेला हिशेब असतो, त्याचा प्रस्ताव प्रथम मंजूर होतो. आगामी जनगणनेची संदर्भ तिथी १ मार्च २०२७ ही असून लोकसंख्येची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये करण्याचे जाहीर झाले आहे. त्या वेळी बेघरांची जी नोंद होईल, तीच पुढील अनेक वर्षांच्या मागणीचा आधार ठरेल. त्या गणनेतून जो सुटेल, तो त्यानंतरच्या प्रत्येक अंदाजपत्रकातूनही सुटेल.

महाविद्यालयांची भूमिका

या प्रक्रियेत महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. सर्वेक्षण त्रयस्थ संस्थेने करावे अशी अपेक्षा असते आणि अशी संस्था मिळणे अनेक शहरांना अवघड जाते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र व समाजकार्य या विभागांचे अध्यापक प्रश्नावली, नमुना निवड व नकाशे यांचे काम करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन, पोलीस व महापालिका कर्मचाऱ्यांच्या सोबतीने, रात्रीच्या पाहणीत सहभागी होऊ शकतात. मात्र काही पथ्ये कसोशीने पाळली पाहिजेत. झोपलेल्या माणसाला उठवून माहिती विचारू नये. संमतीशिवाय छायाचित्र घेऊ नये. स्त्रियांशी संवाद साधण्यासाठी पथकात स्त्रिया असाव्यात. नाव सांगण्यास नकार देणाऱ्याचीही संख्येत नोंद व्हावी. गोळा केलेली माहिती हुसकावण्याच्या कारवाईसाठी वापरली जाणार नाही, याची लेखी हमी आधीच घ्यावी. विश्वास गमावला, तर पुढच्या वर्षी त्याच जागी कोणीही सापडणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. शहरी बेघरांसाठीच्या अनुदानाची रक्कम मोठ्या शहराच्या मानाने अल्प असते. तिच्या अभावापेक्षा ती मागण्याच्या व वापरण्याच्या पद्धतीतील उणिवा अधिक अडसर ठरतात. औद्योगिक शहरात बेघर माणूस बहुधा कष्टकरी असतो, म्हणून त्याची गणना रात्री आणि त्याच्या कामाच्या परिसरात व्हावयास हवी. संचालनासाठीची तरतूद वास्तवाला धरून वाढविली पाहिजे आणि अनुदान संपल्यानंतरच्या खर्चाची जबाबदारी मूळ प्रस्तावातच निश्चित झाली पाहिजे. घरकुलाचा निधी, कंपन्यांचे साहाय्य व बांधकाम उपकर हे पूरक स्रोत आहेत. निवाऱ्याच्या सार्वजनिक निधीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

डांगे चौकात सकाळी उभा असलेला मजूर शहराला दिसतो, कारण त्या वेळी शहराला त्याची गरज असते. रात्री तो कोठे आहे, हे शहराने शोधून नोंदविले, तरच त्याच्या नावे एखादा रुपया मंजूर होण्याची शक्यता निर्माण होते. अनुदानाच्या प्रस्तावातील पहिला रकाना संख्येचा असतो आणि तो प्रामाणिकपणे भरणे ही शहराची पहिली जबाबदारी आहे.